ब्लिकलिंगच्या दरजा

शेजारच्या घराची बागेकडची भिंत जुनी आहे. किती जुनी, ते तिथे सगळा जन्म काढलेल्या आजींनाही सांगता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात एक गवंडी त्या भिंतीपुढे बुटक्या स्टुलावर बसून दरजा, म्हणजे विटांमधले भरलेले सांधे, उकरत होता. हातात बारीक छिन्नी, बाजूला बादलीत ओल्या फडक्याखाली झाकलेला चुना, आणि कामाची जराही घाई नाही. कपडे वाळत घालता घालता मी बघत राहिले. त्याने दरजेतून सिमेंटचा एक लांबट तुकडा उचकटला, उलटा करून पाहिला आणि माझं लक्ष आहे हे जाणवल्यावर कुंपणावरून माझ्या हातात ठेवला. तुकड्याच्या एका अंगाला विटेची कड चिकटून आली होती. लाल, आतून कोरी, कालच भट्टीतून निघाल्यासारखी. मागे कधीतरी कुणीतरी भिंत पक्की व्हावी म्हणून हे सिमेंट भरलं होतं, तो म्हणाला. सिमेंट पक्कंच राहिलं, विटा मात्र एकेक करून फुटत गेल्या. एवढं बोलून तो पुन्हा छिन्नीकडे वळला. तो तुकडा बरेच दिवस माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पडून होता. टाकून द्यायला हात धजत नव्हता.

त्याचं कारण आबाजी. माझे आजोबा वर्ध्याला मिस्त्री होते. पोरवयात चुना दळायच्या घाणीवर बैल हाकण्यापासून त्यांनी सुरुवात केली, मग विटा भिजवणं, गारा कालवणं, आणि मिसरूड फुटेस्तोवर हातात थापी आणि ओळंबा. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो कसा फुसफुसतो, वाफ कशी उठते, डोळ्यांना किती झोंबतं, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की न बघताच तो वास मला ठाऊक झाला होता. पुढे गावागावात सिमेंट आलं, घाण्या बंद पडल्या, आबाजींनीही सिमेंटमध्ये कामं केली. पण कुठल्याही जुन्या इमारतीत शिरलं की त्यांचा अंगठा आधी दरजेवरून फिरायचा. लग्नाच्या मांडवातसुद्धा. दरज विटेपेक्षा नरम पाहिजे, असं ते म्हणायचे. लहानपणी मला हे उलटंच वाटायचं. जोडणारी गोष्ट जोडलेल्यापेक्षा कच्ची कशी चालेल? भिंत पाणी पिते आणि ते कुठून तरी बाहेर टाकते. चुन्याची दरज असली तर दरजेतून टाकते, झिजायचं ते दरज झिजते. सिमेंटने ती वाट बुजवली की पाणी विटेत अडकतं. इथल्या इंग्लंडासारखा थंड मुलूख असला तर हिवाळ्यात ते गोठतं, फुगतं आणि विटेचा चेहराच सुटून पडतो. हे सगळं मला त्या तुकड्याने पुन्हा समजावलं, आणि पुढच्या रविवारी मी ब्लिकलिंगला गेले ते फक्त दरजा बघायला.

ब्लिकलिंग हॉल हा सतराव्या शतकातला विटांचा वाडा आमच्यापासून जवळच, पूर्व इंग्लंडातल्या नॉरफोकमध्ये आइल्शम गावाशेजारी. आधीही गेले होते, पाहुण्यांना घेऊन, चहा-केक आणि फुलबागेसाठी. रस्ता चर्चपाशी वळतो आणि काहीही पूर्वसूचना न देता डाव्या-उजव्या हातांना यू या सदाहरित झाडांच्या प्रचंड कुंपणभिंती उभ्या राहतात, गर्द, जवळजवळ काळ्या. त्यांच्या पलीकडे नोकरचाकर, घोडे आणि भांडारांसाठीच्या दोन लांबलचक इमारती, छपराच्या टोकांना वळणदार डच त्रिकोणिका, म्हणजे भिंतीचे वर निमुळते होणारे माथे, असलेल्या. आणि या सगळ्याच्या शेवटी ते घर. चारी कोपऱ्यांवर चौकोनी मनोरे, त्यांच्यावर शिशाचे घंटेच्या आकाराचे घुमट, मधोमध घड्याळाचा मनोरा, दगडी चौकटींच्या उंच खिडक्या, आणि बाकी सगळी वीट. छायाचित्रात ती एकसारखी लाल दिसते. प्रत्यक्षात तसं नाही. दुपारी ती फिकट, मळकट वाटते. पाचच्या उन्हात भगवी होते. पाऊस पडून गेला की जांभळ्याकडे झुकते. मला ती पावसानंतर सगळ्यात आवडते.

जवळ गेल्यावर तर रंग मोजायचा प्रयत्नच सोडून द्यावा. एकाच थरात एक वीट गुलाबी, दुसरी नारिंगी, तिसरी कलेजीच्या रंगाची, चौथीचं तोंड भट्टीत जास्त आच लागून काळंनिळं झालेलं. चुलीवरच्या भाकरीला जसे कुठे पांढरे, कुठे करपलेले डाग पडतात तसं. कारण तेच, आच सगळीकडे सारखी पोचत नाही. मातीतल्या लोखंडामुळे वीट लाल होते आणि भट्टीत ती कुठल्या जागी होती त्यावरून तिचा रंग ठरतो. या विटा आपल्या आजच्या विटांपेक्षा पातळ, जाडी जेमतेम दोन-सव्वादोन इंच. कडा सरळ नाहीत. काही किंचित वाकलेल्या, काहींच्या अंगावर सुकताना पडलेल्या बारीक भेगा, एका विटेत खडा अडकलेला. दोन विटा एकीसारखी एक नाहीत म्हणूनच दरजा जाड लागतात. सगळा उंचसखलपणा चुना पोटात घेतो. थर इंग्लिश बाँडचे: एका थरात विटांच्या लांब बाजू, वरच्या थरात नुसती तोंडं, पुन्हा लांब बाजू. एकदा डोळ्याला सवय झाली की ती लय मनोऱ्यापर्यंत चढत जाताना दिसते, आणि कोपऱ्यावर, खिडकीच्या कडेला गवंड्याने वीट छाटून ती लय कशी सांभाळली तेही दिसतं. आबाजी असते तर त्या कोपऱ्यापाशीच तास घालवला असता.

मुळात वीट का? नॉरफोकमध्ये बांधकामाचा चांगला दगड नाही. जमिनीखाली खडू आहे, मऊ पांढरा चुनखडक, आणि त्यात गारगोटीचे ओबडधोबड गोळे. गावोगावची चर्चं त्याच गारगोट्यांची आहेत. पण गारगोटीचा कोपरा काढता येत नाही, चौकट काढता येत नाही. माती मात्र भरपूर, आणि समुद्रापलीकडे, आजच्या बेल्जियम-हॉलंडकडे, विटांचं काम पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. रोमन गेल्यावर इंग्लंडात वीट पाडणं जवळजवळ थांबलं होतं. ते कसब मध्ययुगात त्या किनाऱ्यावरून परत आलं आणि या पूर्वेकडच्या भागात आधी रुजलं. याच जिल्ह्यातल्या ऑक्सबरो हॉलला १४८२ साली तटबंदीची परवानगी मिळाली, तो सगळा विटेचा आहे. तेव्हा वीट ही ऐपतीची खूण होती. शरद ऋतूत माती खणून ठेवायची, हिवाळाभर गोठू-विरघळू द्यायची म्हणजे ढेकळं फुटतात, वसंतात तुडवायची, लाकडी साच्यात वाळू भुरभुरून विटा पाडायच्या, गवताखाली सुकवायच्या, मग भट्टी रचायची. वर्धा-धाम नद्यांच्या काठी मी वीटभट्ट्या पाहिल्या आहेत, तिथे हिवाळा लागला की काम सुरू होतं आणि पावसाआधी संपतं. इथे हिवाळ्यात माती नुसती पडून राहते. आणि चुन्यासाठी कुठे लांब जायला नको, पायाखालचा खडूच भाजायचा.

हे घर रचलं रॉबर्ट लिमिंज या माणसाने. मूळचा सुतार. त्याआधी त्याने हर्टफर्डशरमधलं हॅटफिल्ड हाउस उभं केलं होतं, १६११ मध्ये पुरं झालेलं. तिथे मालकाने जुन्या राजवाड्याच्या तीन बाजू पाडून त्याच्याच विटा नव्या घराला वापरल्या होत्या. ब्लिकलिंगचा मालक सर हेन्री होबार्ट, न्यायाधीश. त्याने १६१६ मध्ये ही जागा घेतली. जागेवर आधीचं घर होतं, बुलिन घराण्याचं. आठव्या हेन्री राजाने शिरच्छेद करवलेली त्याची राणी ॲन बुलिन याच घराण्यातली, तिच्यामुळे इथे येणाऱ्या प्रत्येकाला भुताची गोष्ट हवी असते, त्या गोष्टीत मला रस नाही. मला रस आहे तो खंदकात. जुन्या घराभोवती खंदक होता आणि होबार्टने नवं घर त्याच्या आतच बसवायचं ठरवलं. त्यामुळे लिमिंजला रुंदी मिळाली नाही. समोरून बघताना घर ऐसपैस वाटतं, बाजूला गेलं की कळतं की ते अरुंद आणि लांब आहे, चौकातून चौकात शिरणारं. अडचणीच्या जागेत एवढा डौल उभा करायचा म्हणून त्याने सगळी ताकद दर्शनी बाजूला लावली: नोकरांच्या इमारती आणि मनोरे यांच्या मधून नजर बरोबर दरवाज्यावर नेऊन सोडली. १६२९ च्या सुमारास तो गेला तो इथेच, आणि गावच्या चर्चच्या वहीत त्याची नोंद या घराचा वास्तुविशारद आणि बांधणारा अशी आहे. त्या काळी हा शब्द कारागिराच्या वाट्याला क्वचितच यायचा. एका सुताराला तो मिळाला याचा मला, मिस्त्रीच्या नातीला, मनापासून आनंद आहे.

आत पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण मी एकाच दालनात रेंगाळते. १२३ फुटांची लांब गॅलरी, तिच्यावर एडवर्ड स्टॅनियनने १६२० मध्ये केलेलं गिलाव्याचं छत. पाने, वेली, प्राणी, पंचेंद्रियांच्या आकृत्या, आणि हे सगळं ओल्या गिलाव्यातून घडवलेलं, म्हणजे पुन्हा चुनाच. पावसाच्या दिवसांत ही मंडळी इथे फेऱ्या मारायची. पुढे अठराव्या शतकात १२ हजारांवर पुस्तकं वारशाने आली आणि गॅलरीचं ग्रंथालय झालं. जुन्या चामड्याचा, मेणाचा आणि थंड हवेचा एकत्र वास येतो. भिंती पुस्तकांनी झाकल्यामुळे वीट इथे कुठेच दिसत नाही, पण खिडकीच्या खोल कोनाड्यात उभं राहिलं की भिंतीची जाडी अंगाला कळते.

पश्चिमेच्या बाजूला मात्र एक गोष्ट मनाला लागते. ती बाजू नंतरची. अठराव्या शतकात नॉरिचच्या आयव्हरी बापलेकांनी ती नव्याने बांधली, आणि त्यासाठीचा पैसा आला तो घरच्या सुनेच्या दागिन्यांतून. तेव्हाचा मालक, बकिंगहॅमशरचा दुसरा अर्ल (उमराव), त्याची पहिली बायको मेरी ॲन ड्र्युरी हिने आपले दागिने त्या कामासाठी ठेवले होते, आणि तसा लेख त्या भिंतीवर आहे. मी तो वाचला तेव्हा आपल्याकडे मोडलेल्या कितीतरी पाटल्या-गोठ आठवले. शेतासाठी, शिक्षणासाठी, घरावर कौलं चढवायला. फरक एवढाच की त्या बायकांचा लेख कुठल्या भिंतीवर नसतो. आयव्हरींचं मला कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणाने. त्यांच्या काळाची पसंती साध्या, सरळ रेषांना होती. तरी त्यांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या लिमिंजच्या चालीवर चाल ठेवली. स्वतःची ओळख पुढे न करता दुसऱ्याच्या थरांना थर जुळवणं सोपं नसतं.

आणि मग लॉर्ड लोथियन.

वर्ध्याचं माणूस नॉरफोकमध्ये राहतं तेव्हा या नावापाशी थबकतंच. फिलिप कर, अकरावे मार्क्वेस ऑफ लोथियन, ब्लिकलिंगचे शेवटचे खासगी मालक. १९३० मध्ये चुलत नात्यातून त्यांना किताब आणि घरं मिळाली, आणि सोबत वारसाकराचं प्रचंड बिल. तो भरण्यासाठी गॅलरीतली मोलाची पुस्तकं १९३२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला लिलावात निघाली. त्यांत ब्लिकलिंग होमिलीज हे जुन्या इंग्रजीतलं हस्तलिखितही होतं, हजार वर्षांपूर्वीचं. ते आता अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात आहे. आणि त्याच हिवाळ्यात लोथियन स्वतः हिंदुस्थानात होते, मताधिकार समितीचे अध्यक्ष म्हणून. शाळेच्या पुस्तकात आपण जिला लोथियन समिती म्हणून वाचतो ती हीच. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. बाबासाहेबांची मागणी प्रत्येक प्रौढाला मत मिळावं ही. समितीने प्रौढ मताधिकार तूर्त अव्यवहार्य ठरवला, मतदार सुमारे ७० लाखांवरून सुमारे ३ कोटी ६० लाखांवर न्यावेत असं सुचवलं, आणि कसोटी मुख्यतः मालमत्तेची आणि शिक्षणाची ठेवली. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रश्नावर आपली वेगळी टिपणी जोडली.

माझ्या पणजोबांच्या नावावर जमीन नव्हती, अक्षरओळख नव्हती. ते त्या ३ कोटी ६० लाखांत बसत नव्हते. पणजी तर नाहीच. लांब गॅलरीत उभी असताना हे आठवतं तेव्हा छतावरची ती सुंदर वेलबुट्टी मला थोडा वेळ बघवत नाही. हे घर राखणाऱ्या माणसाने माझ्या माणसांना मोजताना घरच मोजलं. तरीही लोथियनना मी नुसतं वाईट ठरवून मोकळी होऊ शकत नाही, कारण त्याच माणसाने आपलं घर सोडून दिलं. १९३४ मध्ये नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या वार्षिक सभेत त्यांनी मांडलं की करांच्या ओझ्याखाली ही सगळी जुनी घरं जाणार, मालकांना ती संस्थेकडे सोपवता येतील अशी वाट काढा. १९३७ मध्ये तसा कायदा झाला. १९४० च्या डिसेंबरात ते वॉशिंग्टनला राजदूत असताना वारले, आणि चार हजारांहून जास्त एकरांसकट ब्लिकलिंग ट्रस्टला गेलं. तेव्हा घरात हवाई दलाचे अधिकारी राहत होते आणि बागेत पत्र्याच्या झोपड्या उभ्या होत्या. आज आम्ही तिकीट काढून जिथे वाटेल तिथे उभे राहतो. माझ्या मुलीला तर ते घर आपलंच वाटतं. शाळेची सहल तिथे, चित्रकलेच्या वहीत त्या वळणदार त्रिकोणिका, आणि घड्याळाच्या मनोऱ्याला रंग कोणता द्यायचा यावर वाद. तिच्या या हक्काने सांगण्यात काही खोटं आहे असं मला वाटत नाही. माझ्या पोटातली ती कळही खोटी नाही. दोन्ही घेऊनच मी तिच्याबरोबर जाते.

आणखी एक गोष्ट आहे, जी मी इथे कुणाला सांगितली की त्यांना नवल वाटतं. १९३८ च्या जानेवारीत लोथियन आमच्या वर्ध्याजवळ सेगावला येऊन राहिले होते, गांधीजींचे पाहुणे म्हणून. पुढे त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. आबाजी तेव्हा पोरसवदा, कुठेतरी घाणीवर बैल हाकत असतील. शाळेतून आम्ही दरवर्षी सेवाग्रामला जायचो, शेणाने सारवलेल्या गार जमिनीवर बसायचो आणि कधी एकदा डबा उघडतोय याची वाट बघायचो. तिथल्या कुट्या गावात मिळेल त्या सामानाच्या: माती, बांबू, कवेलू. भाजलेलं असं काही असलं तर ते छपरावरचे कवेलू. भिंती कच्च्या मातीच्या. एवढ्या मोठ्या विटांच्या घरातून आलेला माणूस त्या भिंतीला टेकून बसला असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आणि नॉरफोकमध्येही माती-गवताचे कच्चे ठोकळे रचून बांधलेली गरिबांची घरं आहेत, दक्षिणेकडच्या गावांत, वरून चुना फासलेली. दोन्ही गावांच्या कुंभारांना आणि मिस्त्र्यांना एकमेकांचं काम लगेच कळलं असतं.

या डिसेंबरात मुलीला घेऊन वर्ध्याला जाणार आहे. ब्लिकलिंगच्या विटा भट्टीतून गेल्या म्हणून टिकल्या हे तिला पटलं आहे. न भाजलेली भिंत विदर्भाच्या पावसात उभी कशी राहते, हे तिला सेवाग्रामला विचारायचं आहे. ते मी तिला इथेच सांगितलं. जोतं उंच घ्यायचं म्हणजे खालचं पाणी चढत नाही. छप्पर पडवीसकट भिंतीच्या पुढे चांगलं खाली ओढायचं म्हणजे वरचं पाणी लागत नाही. आणि पाऊस संपला की दरवर्षी, न चुकता, भेगा बुजवून पांढऱ्या मातीने भिंती पोतायच्या. आमच्याकडे ते आजी करायची, दिवाळीच्या आधी, एका हाताने मडकं धरून. मुलीने विचारलं, एखाद्या वर्षी राहिलं तर? तर पुढच्या पावसात भिंतीला पोट येतं, मी म्हटलं, आणि मग मिस्त्री बोलवावा लागतो.